एअर फिल्टर आणि मैद्याची दोन पोती

बारीक पावसात मोटरसायकल ढकलत कोण येतंय, हे लारसने मान वर न करताच ओळखलं. पहिल्यांदा त्याची गाडी नेमकी तिच्या वडिलांच्या गॅरेजसमोर बंद पडली, तो योगायोग होता. आजची चौथी खेप. हा आता शुद्ध छळ होता.

“म्बाक लारस, जरा बघता का? चढावर पुन्हा दम लागला तिला.”

“दम मला लागलाय, मस सेतो. तुमच्या गाडीपायी.” म्बाक आणि मस, जावातली ही अदबीची हाक, बाईला आणि पुरुषाला.

सालातिगा शहरातल्या बेकरीत पाव भाजणारा हा सेतो. गाडी जेमतेम शंभर सीसीची, मालकासारखीच काटकुळी. आणि खूळ काय, तर तिला रेसवाल्यांचा, जास्त हवा खेचणारा एअर फिल्टर हवा. नुसती हवा वाढवून भागत नाही, तेवढं पेट्रोलही वाढवावं लागतं, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा घाला, असं लारसने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण ऐकेल तो सेतो कसला? “रिनीने दिलंय तेवढं पुरे,” हे त्याचं पालुपद.

रिनी त्याची धाकटी बहीण. थोरल्या भावाच्या आधी तिचं लग्न ठरलं, म्हणून रीतीप्रमाणे त्याला ओलांडून जाण्याबद्दल तिने भेट द्यायची होती. लोक अशा वेळी घड्याळ मागतात, चांगलं कापड मागतात. या पठ्ठ्याने फिल्टर मागितला.

लारसने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. “तळलेल्या सोयाबीनच्या तेंपेचा वास कुठून येतोय?”

सेतो चुळबुळला. “फिल्टरच्या कापडाला तेल लावायचं असतं, तुम्हीच म्हणालात ना...”

“फिल्टरचं तेल. कढईतलं नाही.”

“घरात तेच होतं.”

तिने कपाळावर हात मारून घेतला. हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. सेतोने खिशातून रुमाल काढला, अर्धा पुढे केला... आणि पुन्हा खिशात कोंबला. एवढ्याशानेही तिला बरं वाटलं, आणि मग ती स्वतःवरच जास्त चिडली.

कारण पहिल्या दिवशीच त्याने सांगितलं होतं, “रविवारी लग्नाला वर डोंगरातल्या गावी एका मुलीला मागे बसवून न्यायचंय.” घरच्या लग्नात बिनलग्नाचा भाऊ कुणाला असं घेऊन आला, की गाव काय ते समजून जातं. म्हणजे हात काळे करायचे हिने आणि त्या सीटवर मिरवायचं दुसरीने. तरी गाडी आली की लारस बाकीची कामं बाजूला सारायची. याला काय म्हणावं?

“विचारलंत तिला?” फिल्टर रॉकेलमध्ये खळबळत ती शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाली.

“अजून नाही. आधी गाडी चढायला हवी. अर्ध्या चढावर तिला उतरवायची वेळ आली — तर काय तोंड दाखवू?”

“मग एकट्याने जाऊन काय कळणार?”

“एकटा कुठे जातो? मागे मैद्याची दोन पोती बांधतो. पंचवीस-पंचवीस किलोची. बरोबर तिच्याएवढं वजन होतं.”

“उचलून बघितलंत वाटतं?”

“छे. बेकरीवाला आहे मी. कणकेचा गोळा नुसता बघून वजन सांगतो.”

“गोळा म्हणालात, हे तिला कळू देऊ नका.” लारसने फिल्टर बाजूला ठेवला आणि पान्याने बोल्ट इतका आवळला की तो करकरला. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. “आहे तरी कशी?”

“उंचीला बेताची. कायम वैतागलेली. गाडीचं बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं, म्हणून तर जेट बदलून घेत नव्हतो... गाडी धड झाली असती ना.” त्याने रुमाल पुन्हा काढला. या वेळी पूर्ण पुढे केला. “आणि कपाळावर ग्रीस.”

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. लारसला खूप आनंद झाला, आणि तितकाच रागही आला. चार खेपांचा राग, तो असा लगेच कुठे जाणार?

“म्हणजे तुझ्या नजरेला मी पन्नास किलोची दिसते?” ‘मस’ही गेलं, ‘तुम्ही’ही गेलं.

“नाहीस?”

“छप्पन्न.”

सेतो क्षणभर गंभीरपणे मागच्या सीटकडे बघत राहिला. “मग... मोठा जेट लागेल.”

“पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय मी.” तिने रुमाल त्याच्या हातातून ओढून घेतला आणि कपाळ न पुसताच फळीवरचा जेटचा डबा खाली काढला. “आणि ऐक. रविवारी मी केबाया घालून, खाली घट्ट सारोंग नेसून येणार आहे. त्यात गाडी ढकलता येत नाही.”