दार उघडलं की चाल संपली

रविवारी धाकट्या भावाचा दातांचा दवाखाना बंद असतो. म्हणून दुपारी आम्ही तिघं त्याच्या वेटिंग रूममध्ये लढाईचा खेळ मांडतो: चौकोनांचा पट, त्यावर आमचे बाहुले आणि समोर राक्षस. मी विम्याचा सर्व्हेअर, धाकटा डेंटिस्ट आणि खेळ चालवणारा माझा मेहुणा वकील. त्याला भांडायला राक्षस लागतात असं नाही, आम्हीही चालतो.

खेळ सोपा आहे. आपल्या पाळीला काही चौकोन चालायचं आणि एक काम करायचं. वार करा, दार उघडा, काहीही. थोडं चालून, काम उरकून, उरलेलं चालता येतं. मात्र शत्रूला खेटून असाल आणि तसेच निघालात, तर तो फुकटचा वार करतो. तो टाळायचा तर आधी सांभाळून माघार घ्यायची. तेही एक कामच. मग चालायचं.

त्या दिवशी धाकट्याच्या बाहुल्याने किल्ल्याचं दार उघडलं आणि धाकटा त्याला पुढे सरकवायला लागला.

“थांबा डॉक्टर,” मेहुणा म्हणाला. “काम झालं की चाल संपली. आजपासून.”

“कुठल्या कायद्याने?”

“माझ्या.”

धाकटा फणफणत पाणी आणायला उठला. त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि दारातच उभा राहिला.

“दादा, पाय उचलत नाहीये.”

“नाटकं पुरे.”

मेहुणा हसत खिडकीशी गेला, पडदा सारला आणि तिथेच खिळला. हसूही तोंडावर तसंच राहिलं. मी उठून दिवा लावला. बटणापासून मला हलता येईना.

आता पुन्हा धाकट्याची पाळी. पण ती येईना. मधे कोणाचीतरी चालू होती.

आत पेशंटची खुर्ची घूं करत खाली आली, कोणाला उतरवायचं असतं तशी. मग पावलं. ती धाकट्यापाशी येऊन थांबली.

“दादा,” तो पुटपुटला, “पाय सुटले. पण ते खेटून उभं आहे. निघालो तर वार बसेल.”

“सांभाळून माघार घे.”

“मग चाल कुठे उरते?”

मी मेहुण्याकडे बघितलं. बोलायला तरी पाळी लागत नव्हती.

“नियम मागे घेतला,” तो घाईने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच. “काम करून उरलेलं चाला.”

धाकटा पाठ न वळवता एकेक पाऊल मागे आला आणि पटाशी आपल्या खुर्चीत बसला. मग मेहुणा सुटला, मग मी.

“बघा भाऊजी, जमलं की नाही?” मेहुणा मला म्हणाला. “ आता काम करून सगळ्यांनाच परत...”

‘सगळ्यांना’ म्हणजे आतल्यालाही, हे बोलतानाच त्याच्या लक्षात आलं.

आमची बोटंही हलेनात.

पावलं बाहेर आली.

धाकट्याच्या खुर्चीमागे थांबली.

परत गेली. दार लागलं.

धाकट्याने जिभेने गाल आतून चाचपला. “दादा, बघ जरा.”

मी बघितलं. मागची एक दाढ नव्हती. रक्ताचा थेंब नाही. खड्ड्यात कापसाचा बोळा अगदी व्यवस्थित बसवलेला होता.