फिर्मांला मारलेली हाक

सासूच्या बार्जवर, त्या लांबलचक मालवाहू नावेवर, पाऊल ठेवलं आणि ब्लाँदीन जागीच थबकली... डेकवर आजही राख पसरलेली होती.

पहाटेच्या दवाचा काचेसारखा निसरडा बर्फ झाला होता, आणि त्यावर काठाच्या फळीपर्यंत, नेमकी तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, शेगडीतली करडी राख कुणीतरी जपून टाकली होती. अकरा हिवाळे ती अशीच पडत आली होती. अकरा हिवाळे ब्लाँदीनने त्यासाठी मनोमन सासऱ्यांचे आभार मानले होते. पण गास्तों तर पंधरा दिवसांपासून दिजाँच्या इस्पितळात पडून होते... मग ही राख कुणाच्या हातची?

त्या बार्जवर आता एकटी ऑर्तांस राहत होती. तिची सासू. अकरा वर्षांत जिने तिच्याशी एक शब्द उच्चारला नव्हता ती.

थंडीत कालवे बंद झाले की सगळ्या नावा या बंदरात येऊन एकमेकींना खेटून उभ्या राहायच्या. बंदराचा अधिकारी लांबी पाहून जागा द्यायचा, आणि दरवर्षी ब्लाँदीनची नाव ऑर्तांसच्या नावेच्या बाहेरच्या अंगाला लागायची. काठावर जायचं तर सासूच्या डेकवरूनच जावं लागे. पाव आणायला, पाणी भरायला, प्रार्थनेला... दिवसातून चार वेळा ती खाली मान घालून जायची, आणि आत पडदा सरकल्याचा आवाज व्हायचा.

अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये फिर्मां, ब्लाँदीनचा नवरा, गेला होता. कालव्यात नावा वर-खाली चढवण्या-उतरवण्यासाठी असतो त्या दोन दारांमधल्या अरुंद हौदात नाव शिरत होती. ब्लाँदीन मागे सुकाणूवर, फिर्मां पुढच्या टोकाला दोर घेऊन, तिच्याकडे तोंड करून. तेवढ्यात त्याचा पाय ओल्या लोखंडावरून सटकला आणि तो भिंत आणि नाव यांच्यामध्ये पडला. तिने त्याच क्षणी इंजिन उलटं फिरवलं होतं. पण अडतीस मीटर लांबीची, गव्हाने भरलेली नाव क्षणात कुठली थांबायला?

"हिने उशीर केला," चौकशीला आलेल्या माणसांसमोर ऑर्तांस म्हणाली होती. "माझा मुलगा हिच्या हाताने गेला."

आणि ब्लाँदीनने, पंचविशीतल्या त्या विधवेने, कागदावर सही केली होती. "झाला असेल उशीर," एवढंच ती म्हणाली. त्या एका वाक्याखाली तिने आपलं नाव, आपला मान, आपलं उरलेलं सारं तारुण्य गाडून टाकलं... का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

यंदा जानेवारीत बंदर अख्खं गोठलं. म्हाताऱ्या नावाड्यांनीही असं कधी पाहिलं नव्हतं. एरवी अहोरात्र लाकडाला चाटत राहणारं पाणी मुकं झालं होतं. साठ नावा पांढऱ्या शुभ्र धुक्यात निश्चल उभ्या होत्या आणि दोरांवर हिमाची लव फुटली होती. माणसं आपोआप हळू बोलू लागली... जणू एखाद्या प्रचंड मंदिरात आपण नकळत येऊन उभे राहिलो आहोत!

तरी दुपारचे पत्ते काही थांबले नाहीत. शनिवारी लेओंतीनच्या नावेवर सगळे जमले. मोहरी घातलेला ससा शिजत होता, आलुबुखाऱ्याची दारू फिरत होती.

"बर्फ वितळला की पहिली कोण निघणार?" कुणीतरी विचारलं.

"ब्लाँदीनला पुढे घाला," लेओंतीन पत्ते पिसत म्हणाली. "तिच्या मागे गेलं की माणूस लवकर पोहोचतो. थेट वर."

दोघेतिघे हसले. ब्लाँदीन विणकामातून मान वर न करता टाके मोजत राहिली. पण कोपऱ्यात बसलेली ऑर्तांस उठली, हातातले पत्ते तिने टेबलावर उलटे ठेवले आणि शाल न घेताच बाहेर निघून गेली. लेओंतीनचं तोंड उतरलं. "हिला काय झालं? हिच्याच बाजूने बोलले ना मी?" ती पुटपुटली.

दुसरा दिवस बुडालेल्यांच्या रविवारचा. दर हिवाळ्यात सगळ्या नावा बंदरात असताना पाद्री काठावर उभे राहून पाण्याने नेलेल्या प्रत्येकाचं नाव वाचायचे आणि त्या वर्षी ज्या घराची पाळी असेल त्या घराने पाण्यात पुष्पचक्र सोडायचं. यंदा पाळी ऑर्तांसची होती. पुरुषांनी लोखंडी पहारींनी बर्फाला भोक पाडलं. त्या धवल विस्तारात तेवढंच काळं पाणी... त्याच्याकडे पाहताना सगळ्यांच्या अंगावर शहारे आले.

"फिर्मां," पाद्रींनी नाव वाचलं.

ऑर्तांस पुढे आली, पण पुष्पचक्र तिने सोडलं नाही. ती वळली आणि गर्दीच्या अगदी मागे उभ्या असलेल्या सुनेकडे तिने पाहिलं.

"ब्लाँदीन, इकडे ये."

गर्दी दुभंगली. ब्लाँदीन पुढे आली.

"मी त्याला हाक मारली होती," ऑर्तांस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी नाव पुढे थांबली होती. मी मागच्या टोकाला उभी होते. टोपी घाल रे, एवढंच म्हटलं मी. तो माझ्याकडे वळायला गेला आणि पडला. हिने वेळेवर इंजिन उलटं फिरवलं होतं. मी पाहिलं होतं."



"मला काही दिसलं नाही," ब्लाँदीन कशीबशी म्हणाली. "माझं लक्ष सुकाणूवर होतं."

"अजूनही खोटं बोलतेस? तुझे डोळे माझ्या डोळ्यांत होते, पोरी." म्हातारीचा स्वर चिरकला. "वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल. बोलली असतीस तर भांडले असते मी, शिव्या दिल्या असत्या. तू बोललीच नाहीस. माझं पाप डोक्यावर घेऊन रोज माझ्याच दारावरून मान खाली घालून जात राहिलीस... आणि मला राख टाकण्यापलीकडे काही सुचलं नाही."

"तुम्ही आई होता त्याची," ब्लाँदीन म्हणाली. "ते ओझं घेऊन तुम्ही जगला नसता. मी तरुण होते. मला जमलं असतं."

लेओंतीनने चेहरा शालीत लपवला. एकामागून एक पुरुषांच्या टोप्या उतरल्या. आपल्यातल्याच, रोज पाव घेऊन शेजारून जाणाऱ्या या बाईमध्ये एवढं अथांग काहीतरी होतं आणि आपण त्याच्या काठावर पत्ते खेळत बसलो होतो, हे त्या सगळ्या कष्टाळू, राकट माणसांना आता जाणवलं.

ऑर्तांसने पुष्पचक्राची एक बाजू सुनेच्या हातात दिली. दोघी वाकल्या. काळ्या पाण्याने ते अलगद घेतलं.

"मला त्याची पाठच दिसली होती," ऑर्तांस पाण्याकडे पाहत म्हणाली. "माझ्या हाकेने तो दचकला का, ग? अकरा वर्षं मला तेवढंच..."

"नाही, आई. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. तुमचा आवाज ऐकून तो हसला. आधी हात वर केला त्याने, तुम्हाला हो म्हणायला. मग वळला."

"हसला?"

"आई सगळ्यांदेखत रागावली की लहान मूल हसतं ना, तसा. लाजून."

ऑर्तांसने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. पाद्रींनी उघडलेलं पुस्तक तसंच उघडं राहिलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

आणि ब्लाँदीनने पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.