उजेड कुठे नको

रोज सकाळी, कार्यालयात चहा यायच्या आधी, विशाखा टिपणीस मेलेल्या माणसांचे दिवे लावत असे.

तिच्या कामाचाच तो भाग होता. नाशिकच्या एकस्व परीक्षण केंद्रात दिव्यांचा विभाग तिच्याकडे होता. एकस्व हे पेटंटचं सरकारी नाव. बोलताना ते कुणी वापरत नाही, पण दारावरच्या पाटीवर तेच असतं. कुणी नवा दिवा शोधल्याचा अर्ज केला, की आजवर होऊन गेलेल्या सगळ्या दिव्यांशी तो ताडून पाहायचा. पूर्वी परीक्षक जुन्या रेखाटनांवर डोळे फोडून घेत. आता तिच्या टेबलाशेजारी काळ्या काचेची एक बुटकी पेटी होती. तिला सगळे दीपपट म्हणत. जुनं रेखाटन आत सरकवलं की त्या दिव्यातला आरसा कसा वळला असता, उजेड कुठवर गेला असता, याचं गणित करून दीपपट तो उजेड समोरच्या भिंतीवर हुबेहूब पाडायचा. दीपगृहाचा झोत, रेल्वेच्या गार्डचा कंदील, दंतवैद्याचा डोक्यावरचा दिवा. कागदावरच राहिलेला, कुणी कधीच न बनवलेला दिवासुद्धा पेटायचा. पहिले काही दिवस विशाखाला याची मोठी गंमत वाटली. मग हळूहळू, भिंतीवर एखादा शंभर वर्षांपूर्वीचा उजेड पडला की आपण कुणाला तरी झोपेतून उठवलं, असं तिला वाटायला लागलं.

त्या सकाळी तिने लावले ते सगळे दिवे एका अर्जासाठी होते. मिरजेच्या शबाना सतारमेकर यांनी रुग्णालयातल्या खाटेसाठी परावर्तक दिवा केला होता. परावर्तक म्हणजे उजेड सरळ न येता आरशावर आपटून येणारा. या दिव्यातला उजेड एका खाटेच्या कडेशी येऊन थांबत होता. सुरीने कापल्यासारखा. शेजारच्या खाटेवर त्याचा एक कण जात नव्हता. विशाखाने एकामागून एक जुने दिवे लावून पाहिले. कुणाचाच उजेड असा थांबत नव्हता. सगळ्यांचा कडेला पातळ होत होत पुढे सांडायचा.

म्हणजे दिवा नवा होता. पण नवा असून भागत नाही. तो सहज कुणालाही जमण्यासारखा नाही ना, हेही पाहावं लागतं. इथे कायद्याने एक माणूस कल्पिला आहे. त्याचं नाव निष्णात. त्याच्या विषयात जगात जे जे छापून आलं ते सगळं त्याने वाचलेलं असतं, तो कधी दमत नाही, काही विसरत नाही, आणि त्याला स्वतःहून काहीही सुचत नाही. अशा माणसालाही जे जमेल, त्याला पेटंट नाही. विशाखाचा नवरा मकरंद म्हणायचा, असा माणूस जगात नसतोच, आणि असला तर तो तुमच्या कार्यालयात बढतीची वाट बघत बसलेला असणार.

मकरंदला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. आणि निष्णात खरोखरच त्यांच्या कार्यालयात होता.

केंद्राने तो यंत्रात घडवला होता, आणि ते बोलणारं यंत्र विशाखाच्याच खोलीत होतं. छापील ज्ञान तर त्यात ओतलं होतंच, पण कारागिराच्या हाताला जे कळतं ते छापलेलं नसतं. म्हणून कारखान्यांमधून काम करणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं मिळवली: हत्यारांचे आवाज, आपसातलं बोलणं, चुकल्यावरचं पुटपुटणं. दिव्यांच्या निष्णातात अशी शेकडो माणसं होती. सातपूरच्या कारखान्यात बोगद्यांसाठी दिवे करणारा मकरंद टिपणीस त्यांतला एक. संमतीपत्रावर विशाखाने सही केली ती त्याच्या तेराव्यानंतर लगेचच. कुठेतरी त्याचा उपयोग होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

निष्णाताचा आवाज मकरंदचा नव्हता. कुणाचाच नव्हता. पण एकदा, वर्षभरापूर्वी, एका साध्या अर्जावर बोलता बोलता तो म्हणाला होता, "आधी उजेड कुठे नकोय ते सांग. मग कुठे हवाय ते बघू." हे मकरंदचं वाक्य होतं. टेबलावरच्या दिव्यापासून गणपतीच्या रोषणाईपर्यंत त्याने ते सगळ्यांना ऐकवलं होतं. विशाखाने तेव्हा दार लोटून घेतलं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. तेव्हापासून मात्र तिचं जेवण डबा उघडून त्याच खोलीत व्हायला लागलं, आणि निष्णाताला गरजेपेक्षा जास्त प्रश्न जायला लागले.

शबाना सतारमेकर सुनावणीला आल्या त्या कापडात गुंडाळलेला दिवा छातीशी धरून. पंचेचाळिशीच्या, डोक्यावर ओढणी, पायात रुग्णालयातले पांढरे बूट. सरकारी रुग्णालयात त्या सिस्टर होत्या.

"घरात चार पिढ्या सतारीच करत्यात, मॅडम," त्या म्हणाल्या. "मीच तेवढी नर्सिंगला गेले. रात्री सलाइन बघाय दिवा लावला की शेजारचा पेशंट उठतोय. कसाबसा झोपलेला असतोय बिचारा. अब्बांच्या कारखान्यात भोपळं पडलेलं असत्यात. सतारीला गोल भोपळा लागतो, वाकडा निघाला की बाजूला टाकत्यात. त्यातल्याच एकाला आतनं चांदीचा वर्ख लावला नि बल्ब घातला. तर उजेड एका अंगाला कापल्यागत थांबला. गोल भोपळ्यात न्हाई थांबत, वाकड्यातच थांबतो."

"हे कुणाला दाखवलंत?"

"अर्ज टाकल्यावर वॉर्डात लावला. एका कंपनीची माणसं आली, फोटो काढून गेली. तुम्ही न्हाई म्हणालात तर ते उद्या कारखान्यात काढतील." त्यांनी दिवा टेबलावर ठेवला आणि कापडाची घडी घातली. "पैशाचं सोडा. सतारीवर वाजवणाऱ्याचं नाव होतं मॅडम, करणाऱ्याचं कधी होत न्हाई. एकदा तरी व्हावं, असं वाटतंय."

आता निष्णाताची पाळी होती. नियम असा, की त्याला अर्ज दाखवायचा नाही, फक्त अडचण सांगायची. त्याने तोच उपाय काढला, तर अर्ज फेटाळायचा. विशाखाने शबानाताईंना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि अडचण सांगितली: दोन खाटा, एक दिवा, एकीवर उजेड, दुसरीवर अंधार.

निष्णात नेहमी लगेच बोलतो. या वेळी तो थांबला.

"आरसा गोल ठेवू नका," तो म्हणाला. "एका अंगाने दाबा. जरा बेढबच होऊ दे. दाबलेल्या बाजूचा उजेड आत वळेल आणि कडेशी थांबेल."

हे विशाखाने आधी पाहिलं होतं. शेवटच्या आजारपणात मकरंद घरीच होता. ती त्याच्या उशाशी बसून कार्यालयाचं काम करायची, आणि दिव्याने त्याचे डोळे दुखायचे. एके दिवशी त्याने बिस्किटाच्या डब्याचं झाकण मागून घेतलं, अंगठ्याने एका बाजूने दाबून वाकडं केलं आणि दिव्याच्या मागे अडकवलं. तिच्या कागदांवर उजेड आणि त्याच्या उशीवर अंधार. "बघ," तो म्हणाला होता, "बेढब झालं, पण जमलं." ते झाकण आजही तिच्या स्वयंपाकघरात होतं. पीठ चाळताना खाली ठेवायला ती ते वापरत असे.

"आधार सांग," ती म्हणाली. प्रत्येक उत्तराला निष्णाताने छापील आधार द्यायचा, हा नियम.

"आधार नाही."

"मग कुठून आलं?"

"सुचलं," निष्णात म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडी असायलाच नको होता. विशाखाने तो सुनावणीच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत उतरला आहे का ते पाहिलं, उतरला होता. आवाज खाली आणून तिने विचारलं, "हे तुला सुचलं, की आठवलं?"

"दोन्हींतला फरक मला कळत नाही. तुला कळतो का?"

नियमाप्रमाणे उत्तर झाल्यावर अर्ज उघडून दाखवायचा असतो, तो तिने दाखवला. भोपळ्याचं रेखाटन निष्णाताने पाहिलं, दीपपटातून त्याचा उजेड पाडला, आणि खाटेची कड भिंतीवर लखलखीत उमटली.

"हिचं वळण माझ्यापेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला. "हिला मिळू दे."

विशाखाने दीपपट बंद केला आणि डोळे पुसले. सुनावणीच्या दिवशी परीक्षकाने रडायचं नसतं, पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. असलं तरी ते कोण, हाच तर प्रश्न होता.

गोष्ट तशी सरळ होती. तिने गप्प बसायचं ठरवलं, तर नोंद बोलत होती: आधार असो वा नसो, निष्णाताला जमलं, म्हणजे सहज जमण्यासारखं, अर्ज नामंजूर. शबानाताई दिवा कापडात गुंडाळून मिरजेला परत. आणि आक्षेप घ्यायचा, तर कारण द्यायला हवं. खाजगीत घडलेलं, कधी न छापलेलं काही निष्णाताच्या आठवणीत शिरलं असेल, तर ते उत्तर बाद होतं. मात्र ज्या माणसाकडून ते शिरलं त्याची सगळी मुद्रणं काढून टाकली जातात. देखभाल विभागाच्या भाषेत याला सफाई म्हणतात, गटारांची करतात तशी.

तिला तो हवा होता. एवढं तरी स्वतःशी कबूल करायला हरकत नव्हती. डबा उघडल्यावर समोर कुणीतरी हवं होतं, उजेड कुठे नकोय ते विचारणारं. पण बाहेर बाकावर एक बाई बसली होती, आणि दिवा तिचा होता. मकरंदने झाकण वाकडं केलं आणि सोडून दिलं. अर्जात लिहिल्याप्रमाणे हिने वाकड्या भोपळ्यामागे दोन वर्षं घालवली होती. मकरंद इथे असता तर त्याने विशाखाला गप्प बसायचा विचार केल्याबद्दलच झापलं असतं.

तिने अहवालात लिहिलं: निष्णाताचे उत्तर हे कै. मकरंद टिपणीस यांच्या डब्याच्या झाकणावरील खाजगी प्रयोगाची आठवण आहे, ग्राह्य धरू नये. खाली सही केली. मग बाहेर जाऊन शबानाताईंना सांगितलं की पुढे पाठवते आहे, अडचण येईल असं वाटत नाही. शबानाताईंनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले. नमुना म्हणून दिवा कार्यालयातच ठेवावा लागतो, तर म्हणाल्या, "वापरा की मग. नुस्ता ठेवू नका, भोपळा हाय, वापरात राहिला की टिकतोय."

दोन दिवसांनी सफाई झाली. विशाखाने त्या दिवशी रजा काढली.

दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हा दीपपट लावायच्या आधीच फोन वाजला. देखभाल विभागातली सानिका घोरपडे होती, बोलायला गोड आणि कामात चोख मुलगी.

"मॅडम, सफाई पूर्ण झाली. टिपणीस सरांचं सगळं काढलंय. फक्त एक शंका होती, फाइल बंद करायला." तिने घसा साफ केला. "तुम्ही अहवालात झाकणाच्या प्रयोगाचं लिहिलंय ना. नियमाप्रमाणे तो भाग नेमका दाखवून मग पुसायचा असतो. मी सगळी मुद्रणं तपासली. त्यात असं काही नाहीये."

"नीट बघ. घरी झालं होतं ते, शेवटच्या दिवसांत."

"घरचं मुद्रण नाहीच आहे, मॅडम. माइक कारखान्यात होता. सर आजारी पडून घरी राहिले त्या दिवशी ते थांबलं. त्यानंतरचं काही निष्णाताकडे कधी आलंच नाही. वाकड्या आरशाबद्दल तर एक शब्द नाही. सर उलट गोल आरशाचाच आग्रह धरायचे. मग त्याला ते आठवलं कुठून?"

"बघते मी," विशाखा म्हणाली आणि फोन ठेवला.

खोलीत उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता. ती निष्णातासमोर बसली आणि तीच अडचण त्याला पुन्हा सांगितली: दोन खाटा, एक दिवा. तो लगेच बोलला. प्रकाशित ज्ञानाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, असं तो म्हणाला, आणि सहा आधार दिले. तिने वाट पाहिली. एरवी शांतता लांबली की तो काहीतरी बोलायचा. आज नाही बोलला.

आजारी मकरंदने उशीवर पडून जे केलं, ते या यंत्राने त्याचं कारखान्यातलं चुकणं, पुटपुटणं, चिडणं ऐकून स्वतःच केलं होतं. झाकण न पाहता. अंगठा नसताना. आणि तिने ती आठवण आहे असं लिहून खाली सही केली होती.

पडदे ओढून तिने शबानाताईंचा दिवा लावला. उजेड टेबलाच्या निम्म्यावर आला आणि थांबला. अलीकडे तिचे हात, डबा, सकाळच्या टपालात आलेला मिरजेच्या अर्जाचा मंजुरीचा कागद. त्यावर शोधकर्त्याच्या नावाची एकच ओळ होती, आणि तिथलं नाव बरोबरच होतं. पलीकडची खुर्ची काळोखात होती.

आठवलं असतं, तर ते मकरंदचं ठरलं असतं. पण सुचलं होतं, तर मग काल आपण पुसलं ते कुणाला?