फोटोपुरतं पाणी

त्या उन्हाळ्यात उदगीरला फोटो काढायचा तर घरून तांब्याभर पाणी न्यावं लागे. कारण साधं होतं. टँकर चौथ्या दिवशी यायचा, आणि कागदावर उमटलेला फोटो औषध निघून जाईपर्यंत पाण्यात धुवावा लागतो. नाही धुतला तर महिन्याभरात पिवळा पडतो. म्हणून स्टुडिओवाल्या माणिकप्पांनी दारावर खडूने लिहून ठेवलं होतं, ‘फोटोपुरतं पाणी सोबत आणावे.’ आणि फोटो तर सगळ्यांनाच लागत होते. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या, नवी भरती, आणि प्रत्येक अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन.

शिवकन्या तिसऱ्यांदा तांब्या घेऊन निघाली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कलेक्टर कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती. अर्ज पोचायला तीन दिवस उरले होते, आणि त्या चौकोनात चिकटवायला तिच्याकडे अजून स्वतःचा म्हणावा असा फोटो नव्हता.

“त्यापरीस त्या गोळ्या बंद कर,” तिची आई रत्नम्मा उंबऱ्यातून म्हणाली. “तोंड उतरलं की फोटो आपसूक जुळतोय.”

“फोटो जुळेल अव्वा. पण मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेन. चालतंय तुला?”

रत्नम्मा आत वळली. गेल्या वर्षी आठ महिने तिने लेकीची फक्त पाठ पाहिली होती. बी.ए. झालेली, भांडून वादविवादाच्या स्पर्धा जिंकणारी पोरगी. खाणं नाही, बोलणं नाही, रडणंसुद्धा नाही. मग लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आधीच सांगितलं, “वजन वाढेल, तोंड कोरडं पडेल. घाबरायचं नाही, आणि मनाने बंद करायच्या नाहीत.” शिवकन्या उठली. वेणी घालू लागली, पेपर वाचून सरकारला शिव्या घालू लागली. फक्त गाल भरले, बांगड्या मनगटात रुतल्या, आणि जीभ दिवसभर टाळूला चिकटून राहू लागली. कधी आरशात पाहताना तिला वाटायचं, ही बाई कोण? पण भीती नाही वाटायची. हिची ओळख करून घ्यावी, असंच वाटायचं.

गोंधळ झाला तो फोटोत. सही-शिक्क्यासाठी ती जनावरांच्या डॉक्टरकडे, गुरुपादप्पांकडे गेली होती. गावात गॅझेटेड अधिकारी म्हणून तेच हाताशी होते. म्हशीला टोचून झालं की हात धुऊन फोटोवर सही करायचे. त्यांनी फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं.

“पोरी, ह्यो तुझ्या बहिणीचा हाय का?”

तिला बहीण नव्हती. फोटो दोनच दिवसांपूर्वीचा होता. साडी तीच, कपाळावरची विभूती तीच. चेहरा मात्र मागच्या वर्षीचा. बसलेले गाल, खोल डोळे. दुसऱ्यांदा काढला, तर तोच चेहरा पुन्हा आला. फरक एवढाच, की पहिल्या फोटोत ओठ मिटलेले होते आणि दुसऱ्यात किंचित उघडे.

माणिकप्पांनी तिसरा फोटो काढला आणि कॅमेऱ्यावरचं काळं कापड हळूच खाली सोडलं.

“एक सांगू का, शिवकन्या... हसू नको.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुझा फोटो धुवायला टाकला की पानी कमी होतंय.”

“ट्रे गळत असेल, मामा.”

“नवा आणला. दुसऱ्यांचे वीस-वीस फोटो पडून राहतेत, थेंब हालत न्हाई. तुझा टाकला की...”

“मला बघायचंय.”

“आत औषधाचा लई वास हाय. कुणाला नेत न्हाई मी.”

“चेहरा माझा आहे ना? मग मला बघू द्या.”

काळ्या खोलीचं दार लागलं आणि भर दुपार बाहेर राहिली. आत एक तांबडा दिवा, आंबूस औषधाचा घशात बसणारा वास आणि भिंतीमागून तापलेल्या पत्र्याचं तडतडणं. माणिकप्पांनी कोरा कागद औषधात बुडवला. आधी केस आले. मग भुवया. मग बुबुळं. गाल आले तेव्हा शिवकन्याने श्वास रोखला. गाल नव्हतेच, खळगे होते. आणि तोंड आता चांगलं उघडं होतं.

“बघ,” माणिकप्पा पुटपुटले. “आता बघ...”

त्यांनी कागद धुण्याच्या ट्रेमध्ये सोडला आणि तिने आणलेलं पाणी निम्मं वर ओतलं. ट्रेच्या पांढऱ्या कडेला निळी रेघ होती. पाणी रेघेला टेकलं. दोघंही वाकून बघत राहिले. पाणी हललं नाही. फक्त निळी रेघ हळूहळू उघडी पडत गेली. मग आवाज आला, अगदी बारीक. वासरू बादलीत तोंड घालून पितं, तसा.

“शिव शिव...” माणिकप्पा भिंतीला टेकले. “बाहेर चल पोरी. फाडून टाकतो मी हे.”

शिवकन्या हलली नाही. ही तिला माहीत होती. आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली हीच. रत्नम्मा उशाशी तांब्या ठेवायची आणि संध्याकाळी भरलेलाच उचलून न्यायची. आपण गोळ्या घेतल्या, उठलो, चालायला लागलो. पण हिला कुणी उठवलं होतं?

“तहान लागली होय तुला?” ती ट्रेवर वाकून म्हणाली.

आणि तिने उरलेलं पाणी सगळं ओतलं.

खळगे भरत गेले. सावकाश, खरपूस होत जाणारी भाकरी फुगावी तसे. हनुवटी गोल झाली. शेवटी ओठ मिटले. ट्रेमध्ये पाण्याचा थेंब नव्हता. माणिकप्पांनी चिमट्याने कागद उचलून दोरीला लावला. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा खूश झाले. “हां, आता कसं! हीच तू.” त्यांनी फोटोवर अर्धी, अर्जावर अर्धी अशी सही केली, शिक्का मारला आणि टेबलावर झाकून ठेवलेला पेला उचलला. बशी काढली. पेला कोरडा ठणठणीत.

“पानी तू प्यालीस व्हय? मागितलं असतंस तरी दिलं असतं की.”

शिवकन्याने अर्जाकडे पाहिलं. फोटोतल्या बाईचा खालचा ओठ ओला चकाकत होता. खरं बोलावं, तर ‘फोटोतली ती मी नव्हे’ असं तिला आत्ताच, ओल्या शिक्क्यासमोर म्हणावं लागलं असतं.

“हाव साहेब,” ती म्हणाली. “मीच प्याले.”

बोलताना तिच्या लक्षात आलं, जीभ टाळूला चिकटली नव्हती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच तोंडात ओल होती.

अर्ज देण्यासाठी ती स्वतः लातूरला गेली. कचेरीच्या नव्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता. व्हरांड्यात खेड्यांतून आलेली माणसं एका मोठ्या रांजणाभोवती रांगेत उभी होती. साखळीला बांधलेला एकच पेला हातोहात फिरत होता. कारकुनाने तिचा अर्ज तपासला, फोटोशी चेहरा ताडून पाहिला आणि मान हलवली. शिपायाने सगळा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला. कपाट रांजणाला लागूनच होतं.

ती निम्म्या पायऱ्या उतरली असेल, तेव्हा मागून शिपायाचा आवाज आला.

“अरे, रांजण आत्ताच भरला होता ना?”

रांगेत कुजबुज झाली. पेल्याची साखळी रिकाम्या रांजणाच्या तळावर आपटली. शिवकन्या थांबली. परत जाऊन अर्ज मागून घेता आला असता. तिने सवयीने ओठांवरून जीभ फिरवली.

तिला तहान लागली नव्हती.