न थिजणारा स्फटिक

"हा खडा थिजत का नाही, आत्या?"

जव्हारच्या पठारावरच्या प्रयोगशाळेत अन्विता काचेला नाक लावून उभी होती. आत, कमालीच्या थंडीत, वसुधाआत्यानं बनवलेला हिरवा स्फटिक ठेवला होता. त्यातला प्रत्येक तांब्याचा अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. एवढ्या थंडीत सगळे चुंबक आपापली दिशा धरून गप्प बसायला, म्हणजेच थिजायला हवे होते. पण ते बसत नव्हते. 'तुमचा स्फटिकच अशुद्ध आहे,' असं म्हणून तज्ज्ञांनी आत्याचा शोधनिबंध परत पाठवला होता. आज क्वांटम संगणक (अतिसूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणारा संगणक) शुद्ध स्फटिकातही असंच घडतं का, याचा निकाल देणार होता. आत्या सकाळपासून त्याच्या पडद्यासमोरून हलली नव्हती.

"तीन चुंबक त्रिकोणात आहेत असं समज," ती म्हणाली. "प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय. एक वर, दुसरा खाली. तिसरा?"

अन्वितानं बोटं वरखाली करून पाहिली. "वर केला तर याच्याशी जुळत नाही, खाली केला तर त्याच्याशी! तिसऱ्याची पंचाईतच."

"या खड्यात असे त्रिकोणच त्रिकोण आहेत."

"मग साध्या संगणकाला विचार ना!"

"एक चुंबक वाढला की शक्यता दुप्पट होतात. तीनशे चुंबकांच्या शक्यता दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त भरतात. मांडणार कुठे? पण क्यूबिट (क्वांटम संगणकाचा मूळ घटक) 'वर' आणि 'खाली' यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, थेट या चुंबकांसारखा. म्हणून आपण क्यूबिटनाच स्फटिकासारखं वागायला लावायचं आणि बघायचं."

पडदा उजळला. यंत्र तीच अवस्था पुन्हा पुन्हा घडवून मोजत होतं. दर खेपेला एकेका क्यूबिटची दिशा दाखवणाऱ्या ठिपक्यांची नक्षी नवी. शेजाऱ्यांची उलट राहायची ओढ मात्र तशीच.

"आत्या, कुणीच एका दिशेला चिकटत नाहीये! आधी याची जोडी त्याच्याशी, मग तिकडच्याशी..."

"'आधी' नि 'मग' नाही गं." आत्यानं पडद्यावर बोट टेकवलं. "सगळ्या जोड्या एकाच वेळी! याला म्हणतात क्वांटम चुंबकद्रव (थंडीतही न थिजणारी चुंबकांची अवस्था). इथे यंत्रात अशुद्धीचा कणही नाही, तरी तेच घडतंय."

अन्वितानं पुन्हा काचेला नाक लावलं. काचेपलीकडे खडा अगदी निश्चल दिसत होता.

"असे आणखी खडे असतील?"

"असतील. हे यंत्र अजून लहान आहे. मोठी यंत्रं आली की एकेकाला विचारू. एखादा वीज जराही वाया न घालवणारासुद्धा सापडेल."

घरी जाताना अन्वितानं वाटेतला एक काळा दगड उचलला, बराच वेळ तळहातावर धरला आणि हळूच, जपून जागच्या जागी ठेवला.