खोली बसत नाही

मी लिहिणारी बाई नाही. रोह्यात शिवणकाम करते. पण हे घडलंय, अगदी जसंच्या तसं, आणि ज्यांच्या घरी घडलं ती माणसं आजही तिथंच राहतात.

नूतन माझी मावसबहीण. हे सांगताना तिने माझं मनगट जे धरलं होतं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

मार्च २०२३. मंगळवार. दुपारचा एक वाजलेला, डोक्यावर रणरणतं ऊन. जागा, रोह्याला लागून असलेलं वरसे. नूतनचं अर्धवट बांधलेलं घर.

पण आधी मागचं सांगायला हवं.

नूतन आणि तिचा नवरा निकेश, दोघांनी घर बांधायला काढलं. प्लॉट म्हणजे सासऱ्यांचं, दत्तात्रेयबाबांचं वालाचं शेत. निकेश कंपनीत शिफ्टला. आर्किटेक्ट पेणचा होता, आदर्श नावाचा. तरुण, पण कामाला चोख. पहिल्याच भेटीत वही काढून तो एकेकाला विचारत बसला. सकाळी आधी कोण उठतं? स्वयंपाक करताना ऊन कुठून येतं?

मग तो कोपऱ्यात बसलेल्या बाबांकडे वळला.

"काका, तुम्हाला काय पाहिजे घरात?"

बाबा दचकलेच. त्यांना कुणी कधी असं विचारलं नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचा डावा पाय ओढत चालायचा.

"मला खालतीच खोली दे बाबा. जिना नाय चढवत. नि खिडकी रस्त्याकडं. येणारा-जाणारा दिसला की दिवस जातो."

आदर्शने लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी नकाशा आला, त्यात खालच्या बाजूला स्पष्ट लिहिलं होतं, 'काकांची खोली'. बाबांनी ते नूतनकडून दोनदा वाचून घेतलं.

मग नूतनच्या डोक्यात गाडी शिरली. नवी गाडी, तीही घराच्या आतच उभी राहायला हवी. तिने निकेशला सांगितलं, निकेशने आदर्शला फोन लावला.

"ती खोली काढा. तिथं पार्किंग घ्या."

"सर, गाडीला बाहेर शेड करू. काकांची खोली राहू द्या ना."

"सांगितलं तेवढं करा."

आता हे बाबांना सांगायचं कुणी? निकेश शिफ्टला निघून गेला. सांगितलं नूतनने. घरात दोघंच होते.

"बाबा, आर्किटेक्ट म्हणतो, तुमची खोली बसत नाही. जागाच कमी पडते."

बाबांनी डावा पाय हाताने जवळ ओढून घेतला.

"येवढं माझं शेत... नि त्यात माझी खोली बसत नाय?"

नूतन ताटं घ्यायला उठली. बाबाच पुढे म्हणाले,

"साहेब शिकलेला हाय. तो म्हणतो तर तसंच असंल."

आठवड्याने ते निडीला गेले, थोरल्या लेकीकडे. सगुणाताई विधवा, एकटीच राहते. तिथंच फेब्रुवारीत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरावा उरकला. पुढच्याच आठवड्यात बांधकाम सुरू झालं. आदर्शला बाबांचं कुणी कळवलं नाही. नूतनला त्याची गरज वाटली नाही.

महिन्याभराने भिंती छातीपर्यंत आल्या. नूतन पाहायला गेली आणि थबकली. पार्किंगच्या भिंतीत रस्त्याच्या बाजूला एक चौकोन मोकळा सोडलेला होता.

खिडकीएवढा.

"केरूमामा, हे काय? नकाशात इथं खिडकी नाही."

केरू मिस्त्री खांब गावचा. या घरातल्या कुणाला तो आधी ओळखतही नव्हता.

"वहिनी, तुमच्या म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं की. रोज येतात. आम्ही जेवायला झाडाखाली बसलो का ते आत फिरतात. पावलांनी जागा मोजतात."

"कोण बाबा?"

"नाव नाय विचारलं. पाय ओढत चालतात. मी म्हटलं, काय मोजताय? तर म्हणाले, सून म्हणते खोली बसत नाय... बघतो, बसते का."

नूतनने त्या मोकळ्या चौकोनाकडे पाहिलं.

ते वाक्य तिने घरात म्हटलं होतं. चार भिंतींत. ऐकणारा एकच माणूस होता.

घरी येऊन तिने निकेशला सांगितलं. तो खेकसला, "मिस्त्री थापा मारतो. चूक झाकायला." खिडकी बुजवायला सांगून तो ड्युटीवर गेला.

पण नूतनला राहवेना. दुसऱ्या दिवशी, त्याच मंगळवारी, ती एकच्या सुमाराला एकटीच आत जाऊन उभी राहिली. मजूर लांब चिंचेखाली जेवत होते. त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

मग ते ऐकू येईनासं झालं.

पाखरांचा आवाज नाही. रस्त्यावर गाडी नाही.

आणि पार्किंगच्या जागेतून...

एक पाऊल टेकलं. मागून दुसरं फरफटत आलं.

टप्... सर्रर.

टप्... सर्रर.

जागा पूर्ण मोकळी होती. वाळू, विटा, ऊन. माणूस नव्हता. पण खालच्या धुळीवर एकेक ओरखडा उठत होता, तिच्या डोळ्यांदेखत.

सात... आठ... नऊ...

दहाव्या पावलाला भिंत आली. आवाज थांबला. आणि तिच्या कानाशी, अगदी जवळून, कुणीतरी हळूच म्हणालं...

"बसते की."

त्या आवाजात राग नव्हता, ती म्हणते. नवल होतं. हिशोबात आपलीच काही चूक होतेय का, असं वाटणाऱ्या माणसाचं नवल.

ती पळत सुटली. दोन दिवस तापाने फणफणली.

शनिवारी आदर्श साइटवर आला. सगळं बघून झाल्यावर निकेशकडे न पाहता म्हणाला,

"सर, एक बोलू? तुम्ही काकांना माझं नाव सांगायला नको होतं."

"काय?"

"परवा गुरुवारी काका ऑफिसला आले होते. पेणला. एकटेच. बसा म्हटलं तर बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. म्हणाले, साहेब, मी मोजून आलोय. दहा पावलं हाय. मग खोली बसत कशी नाय?"

निकेश नूतनकडे वळला.

"तुम्ही... काय सांगितलंत?" नूतनने विचारलं.

"खरं तेच. म्हटलं, काका, खोली बसत होती. मी तर काढूही नका म्हणत होतो. तुमच्या मुलाने फोन करून काढायला लावली."

नूतन विटांवर बसली.

"नुसते उभे राहिले. मग म्हणाले, आता निडीची गाडी पकडतो." आदर्शचा आवाज चढला. "त्या पायाने ते पेणपर्यंत आले, सर. तुमच्यातल्या एकाला सोबत येता आलं नाही?"

निकेशने कसंबसं सांगितलं, बाबा जाऊन दीड महिना झाला.

आदर्शला आधी ती थट्टा वाटली. मग दोघांचे चेहरे बघून त्याने नकाशाची गुंडाळी केली आणि निघून गेला. पुन्हा त्या घराचं काम त्याने हातात घेतलं नाही.

त्या दिवसापासून साइटवर काही झालं नाही. पावलं नाहीत. काही नाही. केरूमामा म्हणाला, बाबा यायचे बंद झाले.

ते बंद होणंच निकेशला सोसलं नाही. आठ दिवसांनी, रविवारी सकाळी तो निडीला गेला.

सगुणाताईच्या दाराशी पोचला तेव्हा आतून खोकला आला. तो खोकला त्याने जन्मभर ऐकला होता.

सगुणाताई दारात आडवी उभी राहिली.

"ताई, आत कोण आहे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. कुजबुज झाली. बाहेर आली.

"बाबा म्हणतात, त्याला सांग, मी घरात नाय."

आणि दार लावून घेतलं.

आता घर पुरं झालंय. वास्तुशांत झाली, आतमध्ये गाडी उभी असते. निकेश जास्तीच्या शिफ्ट मागून घेतो. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलतात, आणि भांडण झालंच तर एकच असतं... बाबांना सांगितलं कुणी, नि फोन केला कुणी?

नूतन म्हणते, नणंदेने रागाने नाटक केलं असेल.

मलाही तसंच वाटायचं. म्हणून गेल्या महिन्यात निडीला एक ब्लाउज द्यायला गेले, तेव्हा सगुणाताईकडे बसले. तिने चहा केला. माझ्यासमोर बसली. मी धीर करून विचारलं,

"ताई, बाबा खरंच...?"

तिने कप खाली ठेवला. तिच्या मागे आतल्या खोलीचं दार होतं, अर्धवट लोटलेलं.

ते हळूहळू मिटलं...

आणि आतून कडी लागली.

सगुणाताई तशीच माझ्यासमोर बसली होती. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"चहा निवतोय गो," ती म्हणाली.

मी तो चहा संपवला. का संपवला, अजून कळत नाही.