धुराड्यातून आलेला आवाज

खिडकीतून बादलीभर पाणी आलं आणि थेट तिच्या अंगावर!

ती दचकून मागे वळली. खिडकीत एक अनोळखी, घाबराघुबरा चेहरा होता.

"आग कुठाय?"

"चुलीत!" ती ओरडली. "आणि आता तिथंही नाही!"

तो ओशाळला. "एवढा धूर… मला वाटलं, घरच पेटलं."

"आमच्याकडे रोजच पेटतं," मागून आत्या खोकत म्हणाली.

तो निघाला चुली बांधणारा मिस्त्री. पलीकडच्या गल्लीत त्याचं काम चालू होतं. भरपाई म्हणून नवी चूल बांधून देतो म्हणाला. ती घरी शिवणकाम करायची. कपड्यांना धुराचा वास येतो म्हणून दोन गिऱ्हाइकं तुटली होती. रागारागातच ती 'बरं' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने आल्या आल्या एका घावात जुनी चूल फोडली. ती किंचाळलीच!

"धूर म्हणजे न जळलेलं सरपण," तो शांतपणे म्हणाला. "निम्मं लाकूड तुम्ही आभाळाला खाऊ घालताय."

त्याने तोंड अरुंद ठेवलं, खालून हवा यावी म्हणून जाळी बसवली, धुराडं थेट छपराबाहेर काढलं.

"सुकं लाकूड घाला. बारीक फोडून. असं मनगटाएवढं नको…" म्हणत त्याने मापाला तिचंच मनगट धरलं — आणि चटका बसल्यासारखं सोडलं. दोघंही बराच वेळ विटांकडेच बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली. आत्या वाकून बघू लागली. "पेटलीच नाही का गं? धूर कुठाय?" आत ज्वाळा लखलखत होती. आत्या थक्क! रोजच्या निम्म्या लाकडांत स्वयंपाक झाला.

चूल निवल्यावर तो धुराड्याला टोपी बसवायला छपरावर चढला. ती चुलीपुढे राख काढत बसली.

"उद्या जातोय तो, परगावी," आत्या म्हणाली.

"जाऊ दे."

"मग डोळ्यांत पाणी का? आता धुराची सबबही नाही."

तिने राखेत बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आवडतो गं मला तो. तोंडाला काजळी लागली की जरा जास्तच…"

"अं… इथं सगळं ऐकू येतंय," चूल म्हणाली.

तिच्या हातातली राख सांडली. आत्याने तोंडात पदर कोंबला.

"कधीपासून?" तिने कसंबसं विचारलं.

"'जाऊ दे'पासून."

"मग बोलला का नाहीत?"

"पाय लटपटत होते. छपरावर आहे मी!"

मग धुराड्यातून आवाज आला, आता अगदी बारीक. "दोन महिन्यांचं काम आहे… नंतर इथंच आलो तर? कायमचा?"

"ही काय धुराड्यातून विचारायची गोष्ट आहे?"

वर कौलं खडखडली. धडपडत उतरून तो दारात उभा राहिला, छपराच्या जुन्या काजळीने कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा. त्याने बाहीने तोंड पुसलं, काजळी आणखीच पसरली.

"ये. कायमचा," ती म्हणाली.

आपण त्याला अरे-तुरे केलं, हे तिला नंतर कळलं. त्याला मात्र लगेच कळलं होतं. काजळीतून त्याचे दात चमकले.

"येतो," तो म्हणाला. "तू वाट बघ."